पोळीचा पन्नासावा तुकडा

ठाण्याहून, घोडबंदर रोडवरून, एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ४९, नोकरी वाशीला, रोजची ये-जा ट्रान्स-हार्बरनं. चार वर्षं तळपायांची आग होते, रात्री मुंग्या येतात आणि आता पायांची बोटं बधिर झाली आहेत. मज्जातंतूंच्या तपासणीत पेरिफेरल न्यूरोपॅथी, म्हणजे हातापायांच्या मज्जातंतूंना झालेली इजा, निघाली. हिमोग्लोबिन काही केल्या वाढेना म्हणून फेब्रुवारीत एंडोस्कोपी झाली आणि सीलिअॅक आजाराचं, म्हणजे गव्हामुळे आतड्याला इजा होणाऱ्या दुखण्याचं, निदान झालं. तेव्हापासून गहू बंद. घरात पती, कॉलेजात जाणारी मुलगी आणि गुहागरकडच्या सासूबाई. सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन डिसेंबरात आहे, त्याच दिवशी सत्यनारायणही. ताई विचारतात, "आठ महिने झाले, पाय तसेच आहेत. मग पथ्याचा एवढा अट्टहास कशाला? एक दिवस सगळ्यांसारखं खाल्लं तर काय बिघडेल? प्रसाद चारचौघांत नाकारून सासूबाईंना दुखवायचं का? घरच्यांना आणखी किती त्रास द्यायचा?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. 'त्रास' हा शब्द त्यात नऊ वेळा आला आहे. आठ वेळा तो दुसऱ्यांचा आहे: सासूबाईंना त्रास, यजमानांना त्रास, ऑफिसातल्या मैत्रिणींना त्रास. तुमचा स्वतःचा फक्त एकदा, आणि तिथंही तुम्ही लगेच 'तसा फार नाही' असं जोडून टाकलंत. त्याच्या पुढच्याच ओळीत लिहिलंय की ठाणे स्टेशनच्या जिन्यावर तुमची चप्पल पायातून निसटली, तुम्ही चार पायऱ्या एका पायानं अनवाणी उतरलात आणि मागून कुणा मुलीनं "काकू, चप्पल!" अशी हाक मारली तेव्हा कुठे ते तुम्हाला कळलं. ताई, हे 'तसं फार नाही' या खात्यात बसत नाही.

मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधांचं तुमचे डॉक्टरच बघतील. पण तुमच्या प्रश्नात दोन-तीन गोष्टी तुम्ही आधीच गृहीत धरल्या आहेत, त्यांच्याबद्दल बोलू या.

पहिलं गृहीत असं की पाय सुधारले तर पथ्य लागू पडलं, नाही सुधारले तर वाया गेलं. मला वाटतं, मोजपट्टीच चुकली आहे. मज्जातंतू पुन्हा वाढतात तेव्हा चांगल्या परिस्थितीतही दिवसाला जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास वाढतात. तुमच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा तंतू कमरेजवळून निघतो, म्हणजे साधारण एक मीटर लांब. शरीरातले सगळ्यात लांब तंतू हेच, म्हणून दुखणं बहुधा पायांपासून सुरू होतं. आता आठ महिन्यांचा हिशोब तुम्हीच करा. नोकरी करणाऱ्या बाईला आकडेमोड मी काय शिकवणार! शिवाय जुनी इजा पूर्ण भरून येईलच असं नाही. काहींची आग कमी होते, काहींचा बधिरपणा तसाच राहतो, काहींचं फक्त पुढे सरकणं थांबतं. आणि हे थांबणं डोळ्यांना दिसत नाही. पुढच्या वर्षी बधिरपणा घोट्यापर्यंत चढला नाही, तर त्यासाठी कुणी पेढे वाटत नाही.

आणि गहू सोडणं फक्त पायांसाठी नसतंच. सीलिअॅकमध्ये ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं आणि जवातलं प्रथिन, पोटात गेलं की आपलीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. मग लोह, फोलेट, कॅल्शियम, काहींच्या बाबतीत बी-१२ आणि तांबंही, नीट शोषलं जात नाही. तुमचं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं नऊवर का अडकलं होतं, ते यातच आलं. हाडंही ठिसूळ होतात. पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या बाईनं हाडांच्या घनतेच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारायलाच हवं. खरी मोजपट्टी रक्तात आहे. निदानाच्या वेळी जी टीटीजी अँटीबॉडी वाढलेली होती, ती सहा महिन्यांनी आणि वर्षानं पुन्हा बघतात. तुम्ही फेब्रुवारीनंतर ती केलेलीच नाही. म्हणजे परीक्षेचा पेपर तपासायलाच दिला नाही आणि आपण नापास झालो म्हणून बसलात!

पायांचं कारण एकटं सीलिअॅकच आहे, हेही ठरवून टाकू नका. न्यूरोपॅथीचं सगळ्यात नेहमीचं कारण मधुमेह. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास सापडते, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ आणखी उतरतं. थायरॉइड आहे, तांब्याची कमतरता आहे. हे सगळं एकदा बघून घ्या. आणि एक गोष्ट मला पत्रात खटकली. तुम्ही केमिस्टकडून 'नसांच्या गोळ्या' तीन वेगवेगळ्या नावांच्या आणून घेताय. पाकिटं उलटून बघा, बहुतेकांत पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, असतं. हे जीवनसत्त्व जास्त मात्रेनं दीर्घकाळ घेतलं तर त्यानंच न्यूरोपॅथी होते. तिन्ही पाकिटं पिशवीत घालून न्यूरॉलॉजिस्टसमोर ठेवा, एकही न लपवता. मात्र डॉक्टरांनी आगीसाठी प्रीगॅबालिन किंवा त्यासारखं काही लिहून दिलं असेल, तर ते आपल्या मनानं एकदम बंद करू नका.

दुसरं गृहीत मोठं आहे. तुम्ही म्हणता, 'गहू पूर्ण बंद आहे.' खरंच आहे का?

तुमच्याच पत्रातून उतरवतेय. गणपतीत दोन घरचा प्रसाद. एका मुंजीत अर्धी पुरी, 'यजमानीणबाईंचं मन राखायला'. ऑफिसात केकचा कोपरा. हे झालं तुम्हाला आठवलेलं. न आठवलेलं मी सांगते. भाकरीसाठी ज्वारी तुम्ही कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणता. त्या गिरणीत सकाळपासून गहू दळला जातोय. आपण बायका कायम तक्रार करत आलोय की आधीच्या गिऱ्हाईकाचं पीठ आपल्या डब्यात येतं. पण आजवर ती तक्रार वजनाची होती, आता ती तुमच्या आतड्याची आहे. फोडणीतला हिंग घ्या. बाजारातला बहुतेक हिंग 'बांधणीचा' असतो, शुद्ध हिंगाचा चीक पिठात कालवलेला, आणि ते पीठ पुष्कळदा मैदा असतो. म्हणजे साधं वरणसुद्धा पथ्याचं राहिलं नाही. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. डबी उलटून घटक वाचायचे, एवढंच. मेतकुटात परंपरेनं मूठभर गहू पडतो. थालीपिठाच्या भाजणीत बऱ्याच घरांत पडतो. चायनीजच्या गाडीवरच्या सोया सॉसमध्ये असतो. सातू आणि जव तर सरळच बाद. आणि ज्या पोळपाटावर सासूबाईंची पोळी लाटली जाते, त्याच पोळपाटावर तुमची तांदळाची भाकरी थापली, तर ती 'थोडीशी' गव्हाची झालीच.

हा 'थोडीशी' शब्दच आपल्या मुळावर आलाय. सीलिअॅकच्या रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने देऊन पाहिलं, तेव्हा आतड्याच्या अस्तराला इजा झालेली दिसली. एका मध्यम पोळीत साधारण तीन ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असतं. म्हणजे पोळीचे पन्नास-साठ तुकडे केले तर त्यातला एक. द्रोणातल्या चमचाभर शिऱ्यात त्याहून जास्त असतं. गव्हाची अॅलर्जी असणाऱ्याला लगेच पुरळ उठतं, घसा आवळतो. तुमच्या आजारात पुष्कळदा त्या रात्री काहीच होत नाही. म्हणून 'खाल्लं, आणि काही झालं नाही' ही साक्ष धरता येत नाही.

हे वाचून छातीत धस्स होईल, पण उपाय तितके अवघड नाहीत. पोळपाट, लाटणं, तवा, चाळणी आणि एक झारा एवढं तुमचं वेगळं ठेवा. लाकडी वस्तू तर नव्याच घ्या, त्यांच्या भेगांत पीठ बसतं. घरघंटी घ्यायची ऐपत असेल तर या घरात तिचा सोन्याच्या बांगडीहून जास्त उपयोग होईल, फक्त तिच्यात गहू कधीच घालायचा नाही. नसेल जमत, तर 'ग्लूटेन-मुक्त' छापलेलं पाकिटबंद पीठ आणा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. ज्वारी घरी निवडून घ्या, किराणा दुकानातल्या ज्वारीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात. ग्लूटेन-मुक्त बिस्किटं आणि ब्रेड मात्र मला पटलेले नाहीत. महाग, आणि आत नुसता स्टार्च. भात, नाचणी, वरी, पोहे, घावन घरात असताना पुठ्ठ्यासारखा ब्रेड चावत बसायची काय गरज? आणि लक्षात आलंय का तुमच्या, साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, असं आपलं उपवासाचं सगळं फराळाचं ताट मुळातच तुमचं आहे. त्यात हिंगसुद्धा नसतो. बाहेरगावी अडकलात तर उपवास आहे म्हणून सांगा. खोटं बोलायला मी सांगत नाही म्हणा, पण ज्या देशात 'मला आजार आहे' याला चार प्रश्न विचारतात आणि 'मला उपास आहे' याला एकही नाही, तिथं हे शस्त्र हाताशी असू द्यावं.

पायांकडे वळते, कारण पत्रात तुम्ही त्यांची काळजी घेत असल्याची एक खूणही नाही. रात्री झोपताना तळवे बघा, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. बोटांच्या बेचक्याही बघा. बधिर पायाला खडा टोचलेला कळत नाही, चिघळल्यावर कळतो. गरम पाण्याच्या बादलीत आधी कोपर, मग पाय. शेकायची पिशवी आणि हीटिंग पॅड बंदच. घरातही चप्पल, मागे पट्टा असलेली. म्हणजे जिन्यावर ती तुम्हाला सोडून जाणार नाही. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय सुजलेले असतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालावं लागलंच, तर घरी येऊन पाय धुऊन कोरडे करा. जखम असेल आणि त्या पाण्यात पाय गेला असेल, तर लेप्टो, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणारा ताप, टाळायच्या गोळीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

तुम्ही सहज लिहून गेलाय की तोंडाला साबण लावला की बाथरूममध्ये झोक जातो. ते साधं नाही. पाय कुठे आहेत हे पायांकडून कळेनासं झालं की आपण डोळ्यांनी तोल सांभाळतो. डोळे मिटले की आधार गेला. भिंतीला पकडायला दांडा बसवा आणि खाली रबरी चटई टाका, हे या रविवारीच करा. रात्री बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा हवा. फिजिओथेरपिस्टकडून तोल सांभाळायचे व्यायाम शिकून घ्या. ८:१२ची गाडी सुटत असेल तर सुटू द्या, जिन्यावरून धावायचं नाही. आणि हो, भाकरीला वरून पाणी फिरवताना हाताची बोटं तव्याला लागली तरी कळत नाही, असंही लिहिलंय तुम्ही. म्हणजे आता हातांपर्यंत आलंय. कापडाचा बोळा किंवा ब्रश वापरा, उलटायला उलथनं. आणि डॉक्टरांना हे नवीन लक्षण म्हणून सांगा, 'तसं फार नाही' न म्हणता. पायांतली ताकद कमी वाटली, चाल बिघडली किंवा लघवीवरचा ताबा सुटल्यासारखं वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

मुलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत: 'तिचंही हिमोग्लोबिन कमीच असतं, वयच तसं आहे.' सीलिअॅक असलेल्या माणसाच्या सख्ख्या नात्यात, म्हणजे आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात, साधारण दहातल्या एकाला तो सापडतो. तिची टीटीजीची रक्ततपासणी करून घ्या, तुमच्या भावंडांनाही सांगा. पण तपासणी होईपर्यंत तिची पोळी बंद करू नका. गहू आधीच सोडला तर रक्तात काही दिसत नाही आणि आजार असूनही 'नाही' असा रिपोर्ट येतो. इंटरनेटवर वाचून हौसेनं गहू सोडलेल्या सगळ्या वाचकांनाही हेच सांगते. आधी तपासणी, मग पथ्य.

आता सासूबाई. 'आमच्या वेळी असली थेरं नव्हती' असं त्या म्हणतात. त्यांचं एका परीनं बरोबर आहे. आजार होता, नाव नव्हतं. पोट फुगलेली, हातापायाच्या काड्या झालेली मुलं मरायची आणि कुणाला कारण कळायचं नाही. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना युद्धाआधीपासूनच गव्हाचा संशय होता. १९४४-४५च्या दुष्काळी हिवाळ्यात तिथं पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. १९५०मध्ये त्यांनी हे प्रबंधात मांडलं. पण हे सासूबाईंना सांगू नका, हॉलंडशी त्यांना काय देणंघेणं? त्यांना विचारा, "आई, तुमच्या लहानपणी गुहागरला रोज पोळी होती का?" मला खात्री आहे, नव्हती. कोकणात भात आणि तांदळाची भाकरी, घाटावर ज्वारी-बाजरी, आणि गव्हाची पोळी सणाला किंवा पाहुणा आला तर. रोजची पोळी आपल्या बहुतेकांच्या घरात एक-दोन पिढ्यांपूर्वी आलेली आहे. तुम्ही सासूबाईंच्या घराण्याची रीत मोडत नाही आहात, उलट त्यांच्या माहेरच्या रीतीला परत चालला आहात.

प्रसादाचं तर त्याहून सोपं आहे. सत्यनारायणाची पोथी काढा आणि पहिला अध्याय उघडा. प्रसादाला केळं, तूप, दूध, गव्हाचं पीठ असं सांगून झाल्यावर लगेच म्हटलंय की गहू नसेल तर तांदळाचं पीठ, साखर नसेल तर गूळ. म्हणजे सोय पोथीनंच करून ठेवली आहे, आपणच रव्याला चिकटून बसलो. तांदळाचा रवा तुपात खमंग भाजून सव्वाच्या मापानं शिरा करा. तुमच्यापुरता वाटीभर वेगळा नव्हे, सगळ्या घरासाठी तोच. वेगळ्या वाटीची चौकशी होते, सगळ्यांना तेच वाढलं तर फारतर कुणी विचारेल, "शिरा मोकळा कसा झाला हो?"

दुसऱ्यांच्या घरी? द्रोण दोन्ही हातांत घ्या, कपाळाला लावा आणि यजमानांच्या हाती द्या. 'मला गहू चालत नाही, डॉक्टरांनी बंद केलाय,' एवढं एक वाक्य. 'सॉरी' नाही, 'तुम्हाला त्रास नको म्हणून' नाही. पत्रातले ते आठ त्रास एकेक करून असेच कमी होतील.

सोहळ्याच्या जेवणाचं म्हणाल, तर पानं ठरवायला सासूबाईंनाच बसवा. माहेरी सणाला काय काय व्हायचं ते त्यांना सांगू द्या आणि मुलीला वहीत उतरवू द्या. उकडीचे मोदक, घावन-घाटलं, आंबोळी, सांदणं, वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, सोलकढी. हिंग तांदळाचा असेल तर यातलं सगळं तुमच्या पानात पडू शकतं. एक्याऐंशीव्या वर्षी सुनेनं आपल्या आईच्या हातचे पदार्थ मांडायला घेतले, याचा राग येणारी सासू मी तरी अजून पाहिलेली नाही. पातोळ्यांचा हट्ट त्यांनी धरला तर मात्र समजूत काढा, डिसेंबरात हळदीची पानं मिळायची नाहीत.

आलेल्या पाहुण्यांसाठी पुऱ्या आणि जिलबी राहू दे, त्यांना कशाला पथ्य! केटररला फक्त दोन गोष्टी बजावा: पुरी तळलेल्या तेलात तुमच्या पानातलं काहीही तळायचं नाही, आणि तुमचं पान पंगतीच्या आधी, स्वच्छ पळ्यांनी वाढून झाकून ठेवायचं. ते काम मुलीकडे द्या. आणि टीटीजीचं रक्त सोहळ्याच्या गडबडीआधी देऊन या. ठाण्यात सकाळी लवकर उघडणाऱ्या लॅब पुष्कळ आहेत, आणि या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही.